शेपूट आणि नळी

पालखी गेल्यानंतरच्या सकाळी गाव कसं दिसतं, हे पालखी पाहायला येणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. बारामतीहून निघालेली तुकोबांची पालखी काटेवाडीला मेंढ्यांचं आणि बेलवाडीला गोल रिंगण करून आमच्या निमगाव केतकीत मुक्कामाला येते, एक रात्र राहते आणि सकाळी इंदापूरच्या रस्त्याला लागते. मागे उरतात पत्रावळ्या, द्रोण, चुलींची राख, कुणाची तरी एकच चप्पल. आणि बहुतेक वर्षी एखाददुसरं कुत्रं.

ही कुत्री गावातली नसतात. एखाद्या दिंडीच्या पंगतीमागे ती कुठून तरी निघालेली असतात. ट्रकच्या सावलीत झोपायचं, पंगत उठली की पत्रावळी चाटायच्या, पुढच्या गावच्या कुत्र्यांचा मार चुकवायचा, असा त्यांचा प्रवास. मग एखाद्या गावात पाय दुखावतो, किंवा रात्रीच्या भांडणात ती इतकी लांब पळतात, की सकाळी परत येईपर्यंत दिंडी गेलेली असते.

२०२२ ची वारी ही करोनाच्या दोन वर्षांनंतरची पहिली पायी वारी. त्या आषाढात पालखी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या पानमळ्याजवळच्या मोरीत मला एक कुत्रा दिसला. साधारण वर्षाचा, तांबूस, मागचा डावा पाय उचललेला. कपाळावर काळा डाग, बुक्का लावल्यासारखा. आईने तिथल्या तिथे नाव ठेवलं, ‘बुक्या’. मी दोन पावलं पुढे टाकली, तसा तो मोरीच्या पलीकडच्या तोंडातून बाहेर पडून उसात शिरला.

या लेखाचा विषय तो कुत्रा आहे, आणि त्याच्यासोबतची साडेतीन वर्षं. मी आयुष्यभर शाळेत मास्तरकी केली, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड आहे. पहिल्या दिवसापासून मी एका वहीत लिहीत गेलो : आज भाकरी किती फुटांवर ठेवली, तो किती वेळाने आला, मी उभा असताना खाल्ली की पाठ वळवल्यावर. त्याच काळात या विषयावरचं जे शास्त्र मिळेल ते वाचत गेलो. वही आणि शास्त्र बऱ्याच ठिकाणी जुळलं, काही ठिकाणी नाही.

पण आधी राजाविषयी सांगायला हवं.

राजा आमच्याकडे २०११ च्या उन्हाळ्यात आला. गळीत हंगाम संपला, ऊसतोड टोळ्या कोप्या मोडून गावाकडे निघाल्या, आणि मोडलेल्या कोपीच्या पाचटात तीन पिल्लं राहिली. दोन मेली, एक मी आणलं. आमच्या भागात कुत्रं सांभाळणं म्हणजे काय, तर साखळी, ताटली आणि रात्रीची राखण. मी वेगळं काही केलं नाही. दिवसभर दाराच्या लिंबाला साखळी, रात्री मोकळा. भुंकला की शाबासकी, चप्पल चावली की काठी. दोन वर्षांत राजा असा झाला, की साखळीच्या टप्प्यात कुणी आलं की तो न गुरगुरता थेट धरायचा. गुरगुरायचा तेव्हा मीच त्याला मारलं होतं. गुरगुरणं गेलं, चावणं राहिलं.

त्याने दूधवाल्या पोराला धरलं, तेव्हा गल्लीतले चौघे जण संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. कुणी आवाज चढवला नाही. “मास्तर, सोडून येऊ. मारायचं पाप नको,” एवढंच म्हणाले. पोतं मी दिलं. टेम्पो निघाला, भिगवणच्या पलीकडे, भीमा ओलांडून कुठे तरी. मी गेलो नाही. आईने त्या रात्री भाकरी थापली ती नेहमीच्या हिशेबाने, एक जास्त.

कुत्रं सोडून येणं हा आमच्याकडे दयेचा प्रकार समजला जातो. आपण सोडलेलं कुत्रं जिथे उतरतं तिथे कुणाचा तरी उंबरा असतो, आणि तिथली कुत्री त्याला उभं राहू देत नाहीत, हा विचार टेम्पोत बसत नाही. त्यांनी सोडलेली कुत्री आपल्या गावात येतात, याचंही आपल्याला नवल वाटत नाही. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात, की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडावं. त्याआधीच्या २००१ च्या नियमांतही हेच होतं. कारण साधं आहे. एका जागेतली कुत्री काढली की तिथलं उकिरड्यावरचं अन्न तसंच राहतं आणि ते खायला नवी, अनोळखी, बिनलशीची कुत्री येतात. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दहा-अकरा दिवसांच्या अंतराने दोन आदेश आले. पहिला, सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा, सोडू नका. दुसरा, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लस करून जागेवर सोडा. त्या आठवड्यात आमच्या पारावर जो वाद झाला तो या दोन आदेशांमधलाच होता. पारावर दोन्ही बाजूंना बोलणारी माणसं कुणी ना कुणी चावून घेतलेली होती.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली. डोक्यामागे इनाम होतं, त्यामुळे घरच्या अंगणातलीही कुत्री मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, मोठा दंगा झाला. हिंदू परंपरेतही कुत्रं कमी पवित्र नाही. दत्ताच्या पायाशी चार, काळभैरवाचं वाहन तेच, आणि जेजुरीचा वाघ्या तर स्वतःला खंडोबाचं कुत्रं मानतो. भैरवनाथाच्या देवळात दगडी कुत्र्याला शेंदूर लावून बाहेर पडताना जिवंत कुत्र्याला चप्पल भिरकावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतला एक मीही होतो.

विसाव्या पशुगणनेत, म्हणजे २०१९ साली, देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. ‘भटकी’ हा शब्द मला आता खटकतो. यांतली बहुतेक कुत्री भटकत नाहीत. त्यांची गल्ली ठरलेली असते, दुपारची सावली ठरलेली असते, कोणत्या दारात कधी तुकडा मिळतो ते ठरलेलं असतं. खेड्यात पूर्वी अशाला ‘गावकुत्रं’ म्हणत. ते कुणाचंच नसतं आणि चार घरांचं असतं. शहरातून आता ‘रेस्क्यू’ हा शब्द आला आहे. त्यात गृहीत असं, की कुत्रं संकटात होतं आणि माणसाच्या घरात आल्यावर संकट संपलं. बुक्याच्या बाबतीत संकटाचा मोठा भाग माणूसच होता. घरात आणलं म्हणजे त्याला संकटाच्या तोंडीच आणून ठेवल्यासारखं झालं. हे मला कळायला तीन आठवडे लागले.

या कुत्र्यांवर आपल्याच देशात चांगलं काम झालं आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. त्यांनी बंगालमध्ये ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. वयात येईपर्यंत जगली ती अवघी १९ टक्के, आणि मृत्यूंपैकी सुमारे ६३ टक्क्यांना माणूस या ना त्या प्रकारे कारण होता. म्हणजे रस्त्यावर आपल्याला जे मोठं कुत्रं दिसतं ते पाचातलं एक. माणसाला चुकवता आलं म्हणून ते उरलं. अशा कुत्र्याचं घाबरणं हा बिघाड नव्हे, ती त्याच्या जगण्याची हातोटी आहे. शिकवणाऱ्याला ती मोडायची असते, आणि मोडण्यासारखं दुसरं काही आपण देतो आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं.

त्याच संस्थेचा २०१७ मधला दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना फक्त खाणं दिलं, काहींना फक्त डोक्यावरून हात फिरवला. भेटी पुन्हा पुन्हा झाल्यावर दिसलं, की हात फिरवलेल्या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसला. हे वाचून मी उत्साहाने बुक्याला हात लावायला गेलो, आणि त्याने माझ्या बाहीचं कापड फाडलं. त्या प्रयोगातली कुत्री माणसाजवळ आपणहून आलेली होती. माझा अजून बारा फुटांच्या आत आलेला नव्हता. संशोधन वाचताना पायाखालची अंतरं मोजावीत, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं आहे.

अंतर हीच खरी गोष्ट होती. वहीतल्या नोंदी अशा : पहिल्या आठवड्यात भाकरी चाळीस फुटांवर, मी नजरेआड गेल्यावर खाल्ली. नवव्या दिवशी पंचवीस फूट, मी पाठमोरा. एकतिसाव्या दिवशी पंधरा फूट, मी बसलेला. बेचाळिसाव्या दिवशी बाहीचा प्रकार, आणि पुन्हा तीस फूट. निवारा चालवणारे लोक ‘तीन-तीन-तीन’ असा एक हिशेब सांगतात : तीन दिवसांत कुत्रं भानावर येतं, तीन आठवड्यांत रुळतं, तीन महिन्यांत घरचं होतं. हिशेब सोयीचा आहे, पण कुत्र्यांनी तो वाचलेला नसतो. बुक्याने माझ्या हातातून पहिला तुकडा घेतला तो पाचव्या महिन्यात.

हे अंतर काय असतं ते जरा उलगडून सांगतो, कारण सगळं शिक्षण त्यावर उभं आहे. भीती वाटणाऱ्या वस्तूपासून प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते. हद्दीबाहेर ते वस्तूकडे बघतं, कान टवकारतं, पण खाऊ शकतं. हद्दीच्या आत आलं की खाणं थांबतं. तोंडात तुकडा असला तरी गळून पडतो. शिकणं फक्त बाहेरच्या बाजूला होतं. आत फक्त पळणं, गोठणं किंवा चावणं असतं. म्हणून ओळखायची सोपी खूण म्हणजे खातो का, ही. आवडीचं असून खात नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. दोन पावलं मागे जायचं. पुढे जाण्याची घाई माणसाला असते, कारण त्याला कुणाला तरी दाखवायचं असतं.

हद्द ओलांडायच्या आधी कुत्रं बरंच काही सांगतं. भूक नसताना जिभेने नाक चाटतं, झोप नसताना जांभई देतं, मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे ठेवतं, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. अंग ताठ होतं. मग ओठ वर जातो, गुरगुर येते. गुरगुर हे त्याचं शेवटचं सभ्य वाक्य. राजाचं ते वाक्य मी काठीने खोडलं होतं. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण खरी नाही, पण ज्याचं गुरगुरणं मारून बंद केलं ते न सांगता चावतं, हे मी ओट्यावर बसलेल्या त्या चौघांच्या साक्षीने सांगू शकतो.

इथे नामदेवांची गोष्ट आठवते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. त्यामागच्या मनाविषयी मी काय बोलावं? पण भाकरी पळवणाऱ्या घाबरट कुत्र्यामागे वाटी घेऊनही धावू नये. त्याला तूप दिसत नाही, धावणारा माणूस दिसतो.

आईने यातलं काही वाचलं नव्हतं, आणि सर्वांत आधी बुक्या तिच्याकडे गेला. तिचं शास्त्र असं : सकाळी भांडी घासून झाली की त्याच वेळी, त्याच दगडावर भाकरी ठेवायची, “खा बाबा” म्हणायचं आणि त्याच्याकडे न बघता आत यायचं. बोलवायचं नाही, चुचकारायचं नाही, वाट बघायची नाही. मी वही घेऊन समोर बसायचो. कुत्र्याच्या नजरेने बघितलं तर एक माणूस दबा धरून बसलेला. तिचं न बघणं हाच तिचा शिष्टाचार होता. पानमळ्यात जाताना आमच्याकडे चपला बाहेर काढतात. वेलीशी हळू वागायचं असतं, एवढंच लहानपणी सांगितलेलं असतं. आई कुत्र्याशी तशीच वागली. तो पहिल्यांदा उंबऱ्यापाशी येऊन झोपला तेव्हा ती फक्त म्हणाली, “दार उघडं ठेव, पण उठू नको.”

पुढचं शिकवणं मग सोपं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. साखळी वापरली नाही. बैलाचा जुना कासरा होता, वीस फुटांचा, तो छातीच्या पट्ट्याला लावला, म्हणजे मानेला हिसका बसत नाही. कासरा ढिला राहील एवढंच बघायचं. ताणला की मी थांबायचो, ढिला झाला की चालायचो. ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ हे तीन शब्द. प्रत्येक वेळी बरोबर जमलं त्या क्षणी ‘वा!’ आणि लगेच तुकडा. क्षण महत्त्वाचा. दोन सेकंद उशीर झाला तर त्याने त्या दोन सेकंदांत जे केलं त्याला शाबासकी मिळते. बराच काळ मी त्याला उत्तम प्रकारे मागे वळून बघायला शिकवत होतो.

मध्यंतरी एका ओळखीच्याने सल्ला दिला, की कुत्र्याला म्होरक्या कोण ते दाखवून द्यावं लागतं, उताणं पाडून धरावं. हा सल्ला मुळात लांडग्यांवरून आलेला आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांची भांडणं पाहून म्होरक्याची कल्पना मांडली. डेव्हिड मेक यांनी ती आपल्या पुस्तकातून जगभर नेली, आणि पुढे रानातली कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं, की रानात लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि पोरं. म्होरक्या म्हणजे बाप. आमच्या तालुक्यातल्या माळावर लांडगे अजून आहेत आणि धनगरांना हे कुणी १९९९ मध्ये सांगायची गरज नव्हती.

आता २०२३ ची दिवाळी.

आदल्या वर्षी फटाक्यांत बुक्या चार दिवस पानमळ्यात वेलींच्या बुडाशी खड्डा करून बसला होता. आईची जवळजवळ एक ओळ वेली त्यात गेली. या वर्षी मी तयारी केली होती. मागची खोली, खिडकीला गोधडी, पंखा मोठ्याने. महिनाभर आधीपासून फटाक्यांचे आवाज अगदी हळू लावून सोबत खाणं. सगळं ठीक चाललं होतं. पाडव्याच्या सकाळी, फटाके थांबलेत असं समजून मी त्याला अंगणात आणला. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा न उडालेले फटाके वेचत आमच्या कुंपणाशी आला होता. मी पाणी आणायला आत वळलो. मुलाच्या हातातला एक फुटला. बुक्या भिंतीच्या कोपऱ्यात शिरला, आणि घाबरलेला मुलगाही पळाला तो त्याच कोपऱ्याकडे. पोटरीवर दोन दात.

पुढचं मी घाईने केलं पण नीट केलं. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली. हळद, चुना, मिरची काही लावू दिली नाही, त्यावरून त्याच्या आजीचं बोलणं खाल्लं. लगेच इंजेक्शन सुरू केलं आणि ठरलेल्या तारखांना पुढचे सगळे डोस मीच नेऊन दिले. बुक्याची लस वर्षाच्या आतली होती, कार्ड दाखवलं, तरी त्याला दहा दिवस डोळ्यांसमोर बांधून ठेवला. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू आला असेल तर तेवढ्या दिवसांत ते कुत्रं आजारी पडून मरतं. भारतात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसं मरतात, असा अलीकडचा अभ्यास सांगतो. आधीचे अंदाज याच्या तिप्पट होते. आकडा कोणताही धरा, लक्षणं दिसल्यावर या रोगाला उपचार जवळपास नाही, आणि मरणाऱ्यांत मुलं फार. त्या मुलाचा बाप दाराशी उभा राहून माझ्याशी बोलत होता तेव्हा मला ही वाक्यं पाठ होती. मी एकही बोललो नाही.

तो म्हणाला, “मास्तर, तुमचं कुत्र्यावर लै प्रेम हाय, पण पोरगं माझं हाय.”

त्या संध्याकाळी ओट्यावर माणसं आली. राजाच्या वेळच्या चौघांतले दोन जण त्यांत होते. तेच शब्द, सोडून येऊ. या वेळी टेम्पो नव्हता, पिकअप होती. मी नाही म्हणालो. का म्हणालो हे त्यांना पटवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. चूक कुत्र्याची नाही, माझी आहे, मी पाठ वळवली, हे मी म्हणालो आणि ते खरं होतं, पण त्याने मुलाची पोटरी भरून येत नाही. शेवटी ठरलं ते असं : कुंपण पाच फुटांचं करायचं, बाहेर काढताना तोंडाला मुसकं, आणि पुन्हा असं झालं तर मास्तरांनी स्वतः न्यायचा. शेवटची अट मी मान्य केली. आजही ती आहे.

मुसकं बैलाला मळणीच्या वेळी बांधतात, खळ्यातलं खाऊ नये म्हणून. कुत्र्याला जबरदस्तीने बांधलं तर ते नवी भीती होतं. आधी मुसक्याच्या आत गूळ लावून नुसतं समोर धरायचं, त्याने आपणहून तोंड घातलं की काढून घ्यायचं. मग एक सेकंद, मग तीन. वहीत एकोणीस दिवस लागल्याची नोंद आहे. विसाव्या दिवशी त्याने मुसकं दिसताच नाक पुढे केलं. हे लिहिताना मला अभिमान वाटतो, आणि लगेच त्या मुलाचा बाप आठवतो. तो आता भेटला की रामराम करतो, पण थांबत नाही. मुलगा आमच्या घरावरून जाताना रस्ता बदलतो. त्याचीही हद्द आहे, आणि ती मला तुकडे टाकून कमी करता येणार नाही.

फटाक्यानंतर बुक्याचं शिकलेलं बहुतेक सगळं गेलं. ‘ये’ म्हटलं तर ऐकूच येत नसल्यासारखा. याचं कारण मला सापडलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या लेनिनग्राडमध्ये. सप्टेंबर १९२४ मध्ये नेवा नदीला पूर आला आणि पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेची कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी छतापर्यंत चढत होतं. वाचवायला गेलेल्यांना त्यांची डोकी पाण्याखाली दाबून, खालच्या दारातून बाहेर ओढावी लागली. कुत्री वाचली. नंतर प्रयोगाला उभी केली तेव्हा काहींची महिनोन्‌महिने शिकवलेली प्रतिक्षिप्त क्रिया पुसली गेली होती. हळूहळू ती परत आली. मग कधी तरी दाराखालून खोलीत पाण्याची बारीक धार सोडली, आणि एक कुत्रा पुन्हा पहिल्यासारखा कोलमडला. घंटा आणि लाळ यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पावलोव्हची ही वाचवलेली कुत्री मला जास्त जवळची वाटतात. शिकवलेलं पुसलं जात नाही, भीती त्याच्यावर येऊन बसते, आणि ती उठली तरी जागा ओळखून ठेवते. मी पुन्हा तीस फुटांपासून सुरुवात केली. या वेळी पाच महिने नाही, सात आठवडे लागले.

लोक विचारतात, एवढं करण्यापेक्षा पिल्लूच का आणत नाही? प्रश्न बरोबर आहे. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत १९६१ मध्ये पिल्लांना कुंपणाच्या आत, माणसाच्या स्पर्शाविना वाढवून पाहिलं. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पिल्लं पुढे जवळजवळ रानटीच राहिली. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराची खिडकी एकदा मिटली की मिटली. बुक्याची ती खिडकी कुठल्या गावात, कुणाच्या दारात उघडली होती कोण जाणे, पण थोडी तरी उघडली असणार, नाही तर तो दिंडीमागे आलाच नसता. प्रत्येक कुत्रं घरात येण्यासारखं नसतं. गल्लीत सुखाने राहणाऱ्या कुत्रीला नसबंदी आणि लस करून तिथेच राहू द्यावं, घरात कोंडून तिचं भलं होत नाही. तिच्या कानाला खाच दिसली की समजावं, तिचं काम झालेलं आहे.

मग बुक्यालाही गावकुत्र्यासारखं मोकळं का सोडत नाही? उत्तर कडबनवाडीच्या माळावर आहे. आमच्याच तालुक्यातल्या त्या गवताळ रानात चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत. अबी वनक यांनी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर अभ्यास केला, तेव्हा दिसलं की कुत्री असतील तिथे खोकड चरणं-फिरणं आखडतं घेतात. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय पुराव्याने प्रसिद्ध झालं. डिस्टेंपर हा कुत्र्यांत नेहमीचा रोग. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ओळखला तो हाच विषाणू. एकदा मी बुक्याला कासरा सोडून माळाच्या कडेला नेलं होतं, मोकळं धावू दे म्हणून. चिंकाराची एक मादी उठली. त्याने ‘थांब’ ऐकलं नाही. पाय अधू होता म्हणून मादी वाचली. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी घरात कधी पाहिलेला नाही. तेव्हापासून कासरा सुटलेला नाही.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा वापरली आहे, माणसांच्या पोरांविषयी. देशी कुत्र्याचं शेपूट निसर्गतःच कमानीसारखं वळलेलं असतं. ते सरळ, पायांत घातलेलं दिसतं तेव्हा कुत्रं घाबरलेलं असतं. बुक्याचं शेपूट आमच्याकडे आल्यावर पहिले चौदा महिने मी वर पाहिलंच नाही. चांगलं वाकडं झालं त्या दिवसाची तारीख वहीत आहे, पोळ्याच्या आदल्या दिवसाची.

यंदाच्या आषाढात पालखी आली तेव्हा मी त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं. संध्याकाळी टाळ-मृदंगाचा आवाज वेशीवरून जवळ येऊ लागला. तो उठला, दारापाशी गेला, कान पुढे. मी हातात भाकरीचा तुकडा धरून बसलो होतो, वीस वेळा केलं तसं. त्याने तुकड्याकडे पाहिलं नाही. शेपूट खालीही गेलं नाही. दिंड्या एकामागून एक जात होत्या आणि तो उभाच होता. आईने विचारलं, “दार उघडू का?”

मी नको म्हणालो. तुकडा त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि बाहेर आलो. रात्री पंगती उठल्यावर आत गेलो तेव्हा तुकडा तिथेच होता आणि तो दाराला पाठ लावून झोपला होता. तिसऱ्या दिवशी मोरीजवळ एक पांढरी कुत्री दिसली, दूध भरलेली, सोबत पिल्लू नाही. आईने दगडावर आणखी एक भाकरी ठेवली. वहीत नवं पान केलं आहे, त्यावर अजून एकच नोंद आहे : चाळीस फूट, खाल्ली नाही.